मुलांची हरकत नसेल तर

हिंदू विवाह कायद्यात नवरदेवाचं किमान वय २१ आणि नवरीचं १८ लिहिलेलं आहे. कमाल वयाबद्दल कायदा गप्प आहे. ही उणीव समाजाच्या फार पूर्वीच लक्षात आली आणि ते काम त्याने शेजारी, आतेभाऊ आणि बागेतल्या बाकावरची मंडळी यांच्यात वाटून दिलं. त्यांच्या मते ही मर्यादा पन्नाशीच्या अलीकडेच कुठेतरी संपते. त्यानंतर माणसाने गुडघ्याचं ऑपरेशन करावं, अष्टविनायक करावेत, नातवाला स्कूलबसपर्यंत सोडावं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालाव्यात. लग्न करू नये. फारच उत्साह असेल तर दुसऱ्याचं जमवावं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, घोसरवाडच्या जानकी वृद्धाश्रमात दोन रहिवाशांनी हा अलिखित नियम मोडला. नवरदेव ७५ वर्षांचे, नवरी ७० वर्षांची. ओळख आश्रमातच झालेली. बातमी मराठी वाहिन्यांवरून निघाली ती थेट राष्ट्रीय वाहिन्यांपर्यंत पोचली. एरवी शिरोळ तालुक्याचं नाव राष्ट्रीय बातम्यांत यायचं म्हणजे कृष्णेला आणि पंचगंगेला महापूर यावा लागतो. यावेळी दोन ज्येष्ठ नागरिकांनी एकमेकांना हार घातले, एवढ्यावर काम भागलं.

पंचाहत्तरीचा नवरदेव महाराष्ट्राला नवीन आहे असं मुळीच नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. त्यातले भुजंगनाथ पाऊणशे वयाचे. लग्नाला उतावीळ आणि नवरी नातीच्या वयाची. पैशाला हपापलेला मुलीचा बाप, दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या सगळ्यांची शारदेच्या मैत्रिणींनी उडवलेली रेवडी. देवलांचा नेम अचूक होता. हसू यायचं ते म्हाताऱ्याच्या वयाचं नव्हे, त्या दोन वयांमधल्या दरीचं आणि त्यामागच्या व्यवहाराचं. पण प्रेक्षक नाटकाचा उत्तरार्ध घरी नेईलच याची खात्री कोण देणार? सव्वाशे वर्षांत नवरी सत्तरीची झाली, आपल्या पायांनी चालत आली, कुणी दलाल नाही, हुंडा नाही, तरी थिएटरातला हशा तिथल्या तिथेच राहिला.

त्याही मागे जायचं तर महाभारत आहेच. हस्तिनापूरचा राजा शंतनू, पहिली बायको गंगा सोडून गेलेली, मुलगा देवव्रत लग्नाच्या वयाचा. अशात राजेसाहेबांना यमुनेकाठी सत्यवती दिसली. तिचे वडील कोळ्यांचे प्रमुख. त्यांनी जावयाला पाहिल्या पाहिल्या विचारलं ते तब्येतीबद्दल नाही, आवडीनिवडींबद्दल नाही. विचारलं की गादी कुणाच्या मुलाला मिळणार? आज पुण्यात एखाद्या ज्येष्ठ वधूच्या भावाने विचारावं की सहकारनगरच्या फ्लॅटवर नॉमिनी कोण, तसा हा प्रश्न होता, आणि तितकाच रास्तही. देवव्रताने राज्य सोडलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा लग्नच न करण्याची प्रतिज्ञा केली आणि बापाचं लग्न लावून दिलं. त्याबद्दल त्याला भीष्म हे नाव आणि इच्छामरणाचा वर मिळाला. पुढच्या पिढ्यांतल्या मुलांनी या गोष्टीतून धडा घेतला असावा. हल्लीचा मुलगा इतक्या टोकाला जात नाही. तो फक्त अमेरिकेतून व्हिडिओ कॉल लावतो आणि म्हणतो, ‘‘बाबा, माझी काही हरकत नाही, पण लोक काय म्हणतील?’’

उतारवयातल्या प्रेमाची खरी गंमत इथे आहे. विशीत प्रेम केलं तर आईबाप ‘घराण्याचं नाव’ काढतात. पासष्टीत केलं तर तेच शब्द मुलगा काढतो. मधल्या चाळीस वर्षांत माणसाने नोकरी केली, कर्ज फेडलं, दोन लेकरांना इंजिनिअर केलं, पण स्वतःच्या लग्नाबाबत परवानगी देण्याचा अधिकार काही त्याच्या हाती कधी आला नाही. तो परस्पर वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे गेला. ज्येष्ठांच्या वधूवर मेळाव्यांत परिचय करून देताना ‘मुलांची संमती आहे’ हे वाक्य पत्रिका-गोत्राच्या जागी येतं, आणि ते उच्चारताना निवृत्त अधीक्षक अभियंतासुद्धा शाळेत ‘बाबांची सही आणलीय’ म्हणणाऱ्या मुलासारखा दिसतो.

झी मराठीला हे बरोबर कळलं होतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचे शेफ अभिजित राजे यांचं जमतं. जमवायला पुढाकार घेते सून. आडवा येतो पोटचा मुलगा. महाराष्ट्रातल्या लाखो सासवांनी ती मालिका रोज रात्री सुनेशेजारी बसून पाहिली. अर्थात दोघींनीही त्यावर एकमेकींशी चर्चा केली नसणार. मालिकेतली सासू बोहल्यावर चढली आणि पुढच्या मालिकेचं नाव ‘अग्गंबाई सूनबाई’ झालं. सासूच्या संसारात फार काळ रमणं दूरचित्रवाणीलाही परवडत नाही.

मालिकेत न आलेला भाग पेन्शनचा. माधव दामले यांनी २०१२ मध्ये पुण्यात ज्येष्ठ नागरिक लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. पेशव्यांच्या शहरात, सदाशिव पेठेपासून हाकेच्या अंतरावर, पासष्टीचे लोक लग्नाशिवाय एकत्र राहणार? आणि त्यासाठी चक्क मंडळ? पण पुणेकर रागावला तरी हिशेब विसरत नाही. केंद्र सरकारच्या नियमांत विधवेला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर चालू राहतं. सरकारी मसुद्यात या दोन घटना अशा शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत. निपुत्रिक विधवेचं इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तिला पुनर्विवाहानंतरही ते मिळू शकतं. मुलंबाळं असलेल्या बाईने मात्र प्रेम की पेन्शन हे ठरवायचं. महागाई भत्त्यासकट.

त्यामुळे ज्या वयात माणूस सर्वांत जास्त परंपराप्रिय असायला हवा, त्या वयात तो महाराष्ट्रातला सर्वांत आधुनिक निर्णय घेतो, आणि त्याचं श्रेय पाश्चात्त्य संस्कृतीला नाही तर कोषागार कार्यालयाला जातं. मुलंही खूश असतात. लग्न नाही म्हणजे वारस नाही, वारस नाही म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव नाही. जो मुलगा ‘लग्न’ शब्दाला घाबरून जेवणाच्या ताटावरून उठला होता, तोच ‘लिव्ह-इन’ ऐकून पुन्हा बसतो आणि आमटी वाढायला सांगतो. नातवंडांना हे समजावताना आजोबांची जरा पंचाईत होते. पण नातवंडांना त्याआधीच सगळं समजलेलं असतं.

अहमदाबादेत हेच काम नटुभाई पटेल यांची ‘विना मूल्य अमूल्य सेवा’ ही संस्था करत आली आहे. गुजरातच्या २००१ च्या भूकंपात अनेक माणसं अचानक एकटी पडली, तिथून तिची सुरुवात. २०११ मध्ये त्यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं संमेलन भरवलं. संमेलन हा शब्द मराठी माणसाने साहित्यासाठी राखून ठेवला होता. गुजराती माणसाने तो निदान जिथे दोन्ही बाजूंनी काही निष्पन्न होईल अशा कामी लावला.

उत्तराखंडातल्या ज्येष्ठांना मात्र ही पळवाट इतकी मोकळी नाही. तिथला समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि त्यात लिव्ह-इनचीही नोंदणी सक्तीची आहे. कायदा करताना कुणाच्या डोळ्यांसमोर देहरादूनमधले कॉलेजचे विद्यार्थी असतील. पण कायद्यात वयाचा रकाना नसला की आजोबांनाही रांगेत उभं राहावं लागतं.

ज्येष्ठांच्या वधूवर मेळाव्यांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: पुरुषांची रांग लांब, बायकांची आखूड. यामागे लाज आहे, मुलांचा धाक आहे, हे खरं. पण थोडा हिशेबही असावा. विधुर गृहस्थ परिचयात सांगतात, ‘‘मला फक्त सोबत हवी आहे.’’ समोरच्या बाईंनी पस्तीस वर्षं ही सोबत केलेली असते. तिच्यात सकाळचा चहा, पथ्याचं जेवण, बीपीच्या गोळ्या, चष्मा कुठे ठेवला याची माहिती आणि ‘टॉवेल दे गं’ एवढं सगळं असतं, हे तिला ठाऊक असतं. आत्ता कुठे तिचा कुकर तिच्या मर्जीने शिट्ट्या देऊ लागला आहे, भिशीत तिचा आवाज चढू लागला आहे, ती एकटी काशीला जाऊन आली आहे. गृहस्थांना भाकरी येते का, हा तिचा पहिला प्रश्न असतो. उत्तर ‘शिकेन’ असं आलं तर गाडी पुढे सरकते. ‘बाई लावू’ असं आलं तर ती म्हणते, मग बाईच लावा.

परवानग्यांचा जागतिक विक्रम मात्र पुण्यात किंवा अहमदाबादेत झाला नाही. तो झाला इंग्लंडात, आणि ज्याला परवानग्या लागल्या तो देशाचा भावी राजा होता.

चार्ल्स आणि कॅमिला यांची भेट १९७०च्या दशकाच्या अगदी सुरुवातीची. तो विशीतला, ती त्याच्याहून सोळा महिन्यांनी मोठी. आपल्याकडे इथेच पत्रिका परत आली असती. त्यात आणखी एक योग होता. कॅमिलाची पणजी अ‍ॅलिस केपल ही चार्ल्सचे खापरपणजोबा सातवे एडवर्ड यांची जगजाहीर मैत्रीण. म्हणजे दोन्ही घरांचे संबंध जुने. फक्त ते कुठल्या प्रकारचे, हे बैठकीत मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. चार्ल्स नौदलाच्या नोकरीवर कॅरिबियन समुद्राकडे रवाना झाला. मनातलं बोलायला जमलं नाही. जुलै १९७३ मध्ये कॅमिलाने लष्करी अधिकारी अँड्र्यू पार्कर बोल्स यांच्याशी लग्न केलं. बोट लांब गेली आणि पोरगी दुसरीकडे गेली. या कथानकावर कोकणात निदान चार नाटकं झाली असती.

पुढचं सगळं हसण्यासारखं नाही. १९८१ मध्ये सेंट पॉल्समधलं डायनाशी लग्न, १९९२ मध्ये विभक्त होणं, १९९६ मध्ये घटस्फोट, १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यातला अपघात. या लग्नात तीन माणसं होती, असं डायनाने १९९५ च्या मुलाखतीत जगाला सांगितलं, आणि त्यातल्या सर्वांत तरुण माणसाच्या वाट्याला सर्वांत वाईट आलं. हरवलेलं प्रेम सापडल्याच्या गोष्टी सांगताना ते सापडेपर्यंत कुणाच्या पायावर पाय पडला, हा हिशेब लोक सोडून देतात. ब्रिटिश वृत्तपत्रांनी मात्र तो पै न पै मांडला. त्या काळात फुटलेल्या चार्ल्स-कॅमिलाच्या एका दूरध्वनी-संभाषणाबद्दल तर कौटुंबिक नियतकालिकात काही लिहिणंच शक्य नाही.

जानेवारी १९९९ मध्ये लंडनच्या रिट्झ हॉटेलातून दोघं प्रथमच जाहीरपणे एकत्र बाहेर पडली. कॅमिलाच्या बहिणीचा पन्नासावा वाढदिवस होता. दोघं पायऱ्या उतरली आणि गाडीत बसली, इतकंच. त्यासाठी फुटपाथवर छायाचित्रकारांची जत्रा भरली होती. पन्नाशीतल्या दोन माणसांनी जिना उतरणं ही जगभराची बातमी होण्याचा प्रसंग एरवी गुडघ्याच्या डॉक्टरांकडेसुद्धा येत नाही.

मग फेब्रुवारी २००५ मध्ये साखरपुडा जाहीर झाला आणि खरी मौज सुरू झाली. वर ५६ वर्षांचा, वधू ५७ वर्षांची. तरी १७७२ च्या राजघराणे विवाह कायद्यामुळे वराला आईची लेखी परवानगी लागली. आई इंग्लंडची राणी असल्याने ती मिळवायला प्रिव्ही कौन्सिलची बैठक भरली. चर्चचा प्रश्न वेगळाच. वधूचा घटस्फोटित नवरा हयात, आणि वर पुढेमागे त्याच चर्चचा प्रमुख होणार. तेव्हा नोंदणी पद्धतीने लग्न आणि नंतर चर्चमध्ये आशीर्वाद, असा मधला मार्ग निघाला. आपल्याकडे आंतरजातीय लग्नात कोर्टात सह्या आणि संध्याकाळी सत्यनारायण असा जो मार्ग काढतात, तोच. राणी नोंदणीला गेली नाही, आशीर्वादाला गेली. म्हणजे इंग्लंडच्या राणीनेही तेच केलं जे डोंबिवलीतली नाराज आत्या करते: लग्नाला नाही, पण जेवणाला हजर.

नोंदणी कार्यालयाकडे हरकती आल्या, अकरा. आपल्या विशेष विवाह कायद्यातही तीस दिवसांची नोटीस फलकावर लावतात, हरकती मागवतात. पंचाहत्तरीच्या जोडप्याच्या नोटिशीवर कोण कसली हरकत घेणार, हा प्रश्न त्या फलकासमोर उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या महानिबंधकांनी त्या अकराही हरकती फेटाळल्या.

पुढे अडचण आली ती हॉलची. लग्न विंडसरच्या किल्ल्यात करायचं ठरलं होतं. पण नोंदणी विवाहासाठी किल्ल्याचा परवाना घ्यायचा तर पुढची तीन वर्षं कुठल्याही नागरिकाला तिथे लग्न करण्याचा हक्क मिळतो, हे कुणाच्या तरी उशिरा लक्षात आलं. विंडसरचं मंगल कार्यालय करायला राणी तयार होईना. लग्न शेजारच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे थेट नगरपालिकेच्या सभागृहात गेलं. राजवाड्यांचा मालक आणि हॉल नगरपालिकेचा! मे महिन्यात कार्यालय शोधत फिरलेल्या प्रत्येक वधूपित्याला या जागी चार्ल्सबद्दल आपुलकी वाटावी.

मुहूर्तही टिकला नाही. तारीख होती ८ एप्रिल. पोप जॉन पॉल दुसरे गेले आणि त्यांचा अंत्यविधी नेमका त्याच दिवशी ठरला. लग्न एक दिवस पुढे गेलं, आणि ज्या दिवशी अंगाला हळद लागायची त्या दिवशी नवरदेव रोममध्ये शोकसभेत बसला. तिथे गडबडीत त्याने झिंबाब्वेच्या मुगाबेंशी हात मिळवला, त्यावरून आणखी एक गोंधळ. इकडे ८ एप्रिल छापलेले स्मरणाचे चहाचे मग आधीच दुकानांत पोचले होते. आपल्याकडे अशा वेळी पत्रिकेवर पेनाने खाडाखोड करतात. इंग्लंडात ते चुकीच्या तारखेचे मग संग्राहकांनी धडाधड विकत घेतले.

आणि ९ एप्रिलला काय होतं? ग्रँड नॅशनल! इंग्लंडातली घोड्यांची सर्वांत मोठी अडथळ्यांची शर्यत. शर्यतीची वेळ लग्नासाठी पुढे ढकलावी लागली. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना हा अनुभव सांगावा लागणार नाही. स्वागत समारंभात राणी बोलायला उभी राहिली तेव्हा तिने आधी शर्यतीत हेजहंटर जिंकल्याची बातमी दिली आणि मग मुलाच्या लग्नाकडे वळली. त्या शर्यतीतल्या कुप्रसिद्ध अडथळ्यांची नावं घेत, आपला मुलगाही सगळे अडथळे ओलांडून पोचला, अशा अर्थाचं ती बोलली. राणीच्या आयुष्यात घोड्यांचं स्थान ज्यांना माहीत आहे, ते सांगतील की याहून मोठं कौतुक तिच्याकडून मिळणं कठीण.

साक्षीदार होते दोन. वराकडून त्याचा मुलगा विल्यम, वधूकडून तिचा मुलगा टॉम. आईबापांच्या लग्नावर पोरांच्या सह्या. ज्येष्ठांच्या मेळाव्यातलं ‘मुलांची संमती आहे’ हे वाक्य इतक्या अधिकृतपणे दुसरीकडे कुठे लिहून घेतलेलं नाही.

या लग्नाची एक पंगत मुंबईत होती. नोव्हेंबर २००३ मध्ये चार्ल्स मुंबईच्या डबेवाल्यांना चर्चगेटला भेटला होता. त्या भेटीची वेळ डबेवाल्यांच्या वेळापत्रकात बसवावी लागली. लोकांच्या जेवणाला उशीर करून राजपुत्राला भेटणं त्यांच्या धंद्याच्या नियमात बसत नव्हतं. दीडेक वर्षाने लग्नाचं आमंत्रण आलं आणि रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे हे दोघे लंडनला गेले. मावळच्या रिवाजाप्रमाणे आहेर नेला: नवरीला लुगडं, नवऱ्याला फेटा. जगातल्या इतर पाहुण्यांनी या लग्नाबद्दल काय काय मतं दिली, त्याने ग्रंथालयं भरतील. डबेवाल्यांनी वय विचारलं नाही, हे लग्न कितवं ते विचारलं नाही, लग्न आहे म्हणजे आहेर करायचा एवढं पाहिलं. मे २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी त्याच्यासाठी पुणेरी पगडी आणि उपरणंही घेतलं.

मराठी माणसाचं हरवलेलं प्रेम मात्र चार्ल्सइतकं सोपं नसतं, कारण ते मुळात झालेलं असतं की नाही, याचीच खात्री नसते. १९७२ ची मॅट्रिकची बॅच घ्या. वर्गात मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, मधून मास्तर. तीन वर्षांत एका मुलाने एका मुलीला ‘भूमितीची वही देतेस का?’ असं विचारलं आणि तिने दिली. परत देताना त्याने वहीला नवं कव्हर घातलं. बस. पन्नास वर्षांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर बॅचचा ग्रुप काढतो, स्नेहमेळावा ठरतो, केसांना डाय लागतो, इनशर्ट केलेल्या पोटांची रांग शाळेच्या पटांगणात जमते आणि सुधाकर नावाचे (अशा प्रत्येक बॅचमध्ये एक सुधाकर असतोच) सेवानिवृत्त शाखाधिकारी त्या बाईंसमोर जाऊन म्हणतात, ‘‘ओळखलंस का?’’ बाई म्हणतात, ‘‘तू तो मागच्या बाकावरचा ना? दिनकर!’’

कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोमधल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक नॅन्सी कॅलिश यांनी जुन्या प्रेमाकडे परतलेल्या हजाराहून अधिक लोकांचा अभ्यास करून १९९७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे आलेल्या अनेकांची पहिली ताटातूट आईवडिलांच्या विरोधामुळे झाली होती, आणि दोघंही मोकळी असतील तर पुन्हा जमलेलं नातं टिकायची शक्यता चांगली, असं त्यांना दिसलं. दोघांपैकी एक जरी लग्नात अडकलेला असेल तर चित्र बदलतं, आणि मग नव्या माणसापेक्षा जुन्या माणसापासून धोका जास्त, हेही त्यांनी बजावलं. सुधाकरांच्या घरी सौभाग्यवती आहेत. त्यांनी तो ग्रुप ‘म्यूट’ केलेला बरा.

पन्नास वर्षांची ओळख नसतानाही उशिरा जमतं, याचा दाखला अभिनेत्री सुहासिनी मुळे. मृणाल सेनांच्या १९६९ च्या ‘भुवन शोम’मधली ती खेडवळ पोरगी. मुळे यांनी जानेवारी २०११ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, भौतिकशास्त्रज्ञ अतुल गुर्टू यांच्याशी लग्न केलं. ओळख झाली फेसबुकवर. मूलकणांच्या शोधात आयुष्य घालवलेला माणूस आणि बाईंचं पहिलंच लग्न. ज्या फेसबुकवर नातेवाईक ‘शुभ सकाळ’ची फुलं टाकतात, तिथून हे निष्पन्न झालं, यावर अनेक काकांनी आपापली खाती त्याच आठवड्यात पुन्हा उघडली असतील.

केरळातल्या एका लग्नात मात्र ओळख जुनी होती, पण नात्याचं नाव वेगळं. त्रिशूरजवळच्या रामवर्मपुरमच्या सरकारी वृद्धाश्रमात २८ डिसेंबर २०१९ रोजी दोन रहिवाशांचं लग्न झालं. राज्याचे कृषिमंत्री व्ही. एस. सुनीलकुमार वऱ्हाडात होते. वधूचे पहिले यजमान लग्नसमारंभांचे आचारी. वर त्यांच्या हाताखालचा मदतनीस. आचारीबुवा वारले तेव्हा त्या बाईंकडे लक्ष ठेवायची जबाबदारी या मदतनिसाने घेतली आणि पुढे त्यांना आश्रमात जागा मिळवून दिली. नंतर अर्धांगवायूचा झटका आलेला तो स्वतः फिरत फिरत त्याच आश्रमात दाखल झाला. बाईंनी ओळखलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाचा स्वयंपाक केलेल्या माणसाला स्वतःच्या पंगतीत बसायला साठी ओलांडावी लागली. आणि पाहुण्यांत मंत्री असल्याने सांबार पातळ झालं तरी कुणी तक्रार केली नसणार.

आणि ज्यांना एवढंही उशिराचं वाटतं, त्यांच्यासाठी नॉर्मंडी आहे. ८ जून २०२४ रोजी, मित्रफौजा किनाऱ्यावर उतरल्याच्या ८० व्या स्मरणदिनानंतर दोनच दिवसांनी, फ्रान्समधल्या कॅरेंतान या गावाच्या नगरपालिकेत एका अमेरिकन माजी सैनिकाचं लग्न लागलं. नवरदेव १०० वर्षांचा, नवरी ९६ वर्षांची. दोघंही विधुर-विधवा. त्या रात्री पॅरिसच्या एलिझे प्रासादात मॅक्राँ आणि बायडन यांच्या मेजवानीला नवविवाहित म्हणून त्यांचा सत्कार झाला. इतकं सगळं होऊनही हे लग्न कायद्याने झालंच नव्हतं. गावात न राहणाऱ्या परदेशी नागरिकांचं लग्न लावायचा अधिकार कॅरेंतानच्या महापौरांना नाही. वधूवरांनीही तसा आग्रह धरला नव्हता. कायदेशीर सोपस्कार हवे असतील तर फ्लोरिडाला परतल्यावर सवडीने करता येणारच होते. १०० वर्षांच्या नवरदेवाला त्याची काही घाई दिसली नाही.